वीस ग्रॅम बुरशी

तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढल्यामुळे वीस ग्रॅम म्हणजे किती, हे मला काट्याशिवाय कळतं. साधं पत्र वीस ग्रॅमपर्यंत जातं, पुढे तिकीट वाढतं. लोक चार पानांचं रडगाणं लिहून आणायचे आणि काट्यावर दोन ग्रॅम जास्त भरले की भांडायचे माझ्याशी, जसं काही ते दोन ग्रॅम मीच आत घातले होते. तर एवढ्याच वजनाचं नासकं दूध कागदात गुंडाळून विकणारं दुकान एक दिवस जळगावात निघेल, आणि दर शनिवारी रिक्षा करून ते आणायला मी जाईन, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्या तोंडावर खिडकी लावून घेतली असती.

दुकान तसं जुनंच, सुकामेव्याचं. राजस्थानातून आलेल्या घराण्याचं, सासरे गल्ल्यावर, मुलगा मालाच्या मागे. सून पुण्याला शिकलेली. तिने कोपऱ्यात एक काचेचा फ्रीज मांडला, आत पिवळट-पांढऱ्या वड्या ठेवल्या आणि वर पाटी लावली : ‘तुमच्या पैशाचं चीज’. हा विनोद ज्याला सुचला त्याला पाटी रंगवण्याआधी कुणी घरचं अडवणारं नव्हतं की काय, कोण जाणे. पाटीखाली बारीक अक्षरात, ‘वीस ग्रॅमपासून चाखणी मिळेल’. म्हणजे अख्खी वडी घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने नखाएवढा तुकडा घ्यावा, शेवभाजीच्या हाफ प्लेटच्या पैशात फ्रान्स पाहून यावा. संध्याकाळी तिथे गर्दी असे. कॉलेजच्या पोरी तुकडा जिभेवर ठेवायच्या आधी त्याचा फोटो काढत. सरकारी कॉलनीतल्या बायका डोळे मिटून ‘नटी आहे ना?’ म्हणत, म्हणजे चव दाण्या-बदामासारखी. यांच्या घरी मी जेवलेय. वरणाला फोडणी नीट देता येत नाही, आणि चालल्या नटी शोधायला. गाढवाला गुळाची चव काय.

मग मी तिथे का जात होते? तर माझ्या नवऱ्याच्या नाकासाठी.

माझा नवरा मूळचा धरणगावकडचा. आयुष्यभर दूध संकलनाच्या धक्क्यावर उभा राहिला. गावोगावचे कॅन उतरत, हे एकेकाचं झाकण उचलत, नाक खाली नेत आणि ‘पास’ किंवा ‘परत’ म्हणत. यंत्रं नंतर आली. यंत्र आल्यावरही साहेब लोक आधी यांच्या तोंडाकडे बघत. म्हैस काय खाऊन आली, कॅन कशाने धुतला, दूध पहाटेचं की रात्रीचं मिसळलेलं, सगळं यांना वासावर कळे. त्या नाकाची यांना इतकी घमेंड होती की लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. चहा नाकाशी नेला आणि माझ्या आईला म्हणाले, दूध काल सकाळचं आहे. आईने पुढे दहा वर्षं ते बोलून दाखवलं.

घरात ते अहिराणी बोलत, आणि बोलत ते बहुतेक खोड्या काढण्यापुरतंच. ‘मीठ कमी शे.’ ‘कांदा जळेल शे.’ चांगलं झालं तर गप्प बसून तिसरी भाकरी मागायचे. छान हा शब्द मी त्यांच्या तोंडून पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता.

मग ती साथ आली आणि जाताना यांचं नाक घेऊन गेली. बाकीच्यांची नाकं पंधरा दिवसांत, महिन्याभरात परत आली. यांचं आलं नाही. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार उग्र वास घ्या, नाकाला पुन्हा शिकवा. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी आणि कापूर अशा चार वाट्या मांडून हे खुर्चीत बसत. प्रत्येकीवर वाकत आणि सरळ होत. कापरावर डोळ्यांना पाणी येई, पण वास नाही. ठेचा खाल्ला की तोंड भाजायचं, बस. हिवाळ्यात अंगणात काटक्यांवर वांगी भाजली, सगळी गल्ली भरताच्या वासाने जागी झाली, आणि हे शेजारी उभे राहून धुराने खोकत होते.

आणि तेव्हापासून हे ‘छान’ म्हणू लागले. काहीही वाढा, ‘छान झालंय.’ तेही शुद्ध मराठीत, साहेबाशी बोलावं तसं. दुपारी छान, संध्याकाळी छान. मला त्या शब्दाची शिसारी यायला लागली. स्वयंपाकात खोट काढणारा नवरा परवडतो, हे मला तेव्हा कळलं. खोट काढताना तो निदान जेवत तरी असतो. हा माणूस नुसता पोट भरत होता, आणि वर मला सर्टिफिकेट देत होता. अंगावरचं मांस उतरलं, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखे दिसायला लागले, तरी छान.

आता माझंही सांगते, कारण दुसऱ्यांना नावं ठेवून स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही. आमच्याकडच्या रश्शाला कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर काळं होईस्तोवर भाजायचं, मिक्सरमध्ये वाटायचं, उन्हाळ्यात स्वतः भाजून कुटून आणलेला काळा मसाला घालायचा, तेल सुटेपर्यंत परतायचं. सकाळचा तास जातो. नाक गेल्यावरही पहिले काही दिवस मी ते सगळं केलं. मग एक दिवस दमले होते, पाकीट फोडलं, कांदा कच्चाच चिरून टाकला. छान झालंय, म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी पाकीट. मग रोज. उन्हाळ्यात मसाला केलाच नाही. मी स्वतः ते जेवत होते आणि मला ते पाणचट लागत होतं, पण एकटीसाठी कोण कांदे जाळत बसतो? मनात म्हणायचे, यांना काय कळतंय. नवऱ्याला वाढताना बाईच्या मनात येऊ नये असं हे वाक्य दोन वर्षं रोज दोन्ही जेवणांना माझ्या मनात येत होतं.

दिवाळीला धुळ्याहून नणंद आली. धुळ्याची माणसं तोंडावर बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. पहिल्याच घासाला म्हणाली, ‘वहिनी, हा मसाला पाकिटाचा वाटतो गं.’ माझा हात थांबला. हे म्हणाले, ‘छान आहे की, जेव गुपचूप.’ नणंदेने दुसरा घास उचलला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि यांची कीवही आली. बघा, म्हटलं, याच माणसाच्या नाकाला साहेब घाबरत होते. कीव कसली, तुच्छता होती ती. तेव्हा मला दोन्हींतला फरक कळत नव्हता.

त्या फ्रीजकडे माझं लक्ष गेलं ते बदाम आणायला गेले होते तेव्हा. सुनेने दार उघडलं आणि असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. आणि तेवढ्यात मला आठवलं, हे तरुणपणी गुजरातेत ट्रेनिंगला गेले होते, तिथे कुणीतरी मुरवलेलं चीज चाखवलं होतं, आणि हे परत येऊन महिनाभर त्याबद्दल बोलत होते. गोठ्याचा वास येतो, पण खावंसं वाटतं, म्हणायचे. लवंग-कापराने जे होत नाही ते या घाणीने झालं तर? झालं तर चांगलंच होतं. पण झालं की पहिली मी पकडली जाणार होते. दारात उभी राहून हा हिशेब मी केला, खोटं कशाला बोलू. केला, आणि तरी तुकडा मागितला.

‘कोणतं देऊ, काकू?’ सून म्हणाली.

‘जे सगळ्यात घाण असेल ते.’

ती हसली. म्हणाली, सुरुवात हलक्याने करतात, मग हळूहळू वर जातात. जसं काही मी कुठे गडावर चढायला निघाले होते. शिवाय न विचारता सांगितलं, ‘आमच्याकडे सगळं व्हेज आहे हं, दूध फाडायला वासराच्या पोटातलं काही घातलेलं नाही, सासऱ्यांनी त्याच अटीवर फ्रीज ठेवू दिलाय.’ सासरे गल्ल्यावरून आमच्याकडे असे बघत होते की अट पाळूनही त्यांना पटलेलं नव्हतं. मला पहिल्यांदा त्या दुकानात कुणीतरी शहाणं दिसलं.

पहिल्या शनिवारी लाल मेणाचं गौडा. ऊन असं की ओल्या रुमालात गुंडाळून नेलं तरी घरी पोचेपर्यंत कडा सुटल्या होत्या. हे खुर्चीत बसले, वाकले, चावले. मेणासकट. मेण चघळत म्हणाले, ‘छान आहे.’ दुसऱ्या शनिवारी फेटा. डोक्याला बांधायचा सोडून तोंडात घालायचा. नुसतं मीठ, मी ते पाण्यात धुतलं आणि दुसऱ्या दिवशी कणकेत मळून टाकलं. तिसऱ्या शनिवारी पार्मेझान, जुन्या खोबऱ्याच्या वाटीइतकं टणक. यांचा एक दात हलत होता, तो आणखी हलला. चौथ्या शनिवारी ब्री, वरून पिठूळ, आतून गळवासारखं. मी लांबूनच बघितलं. प्रत्येक वेळी हे शांतपणे खात, क्षणभर थांबत, मग मान हलवत. छान.

मला राग येत होता तो चीजचा की यांचा, सांगता येणार नाही. मी दुकानात गेले की सून विचारायची, काकांना काही आवडलं का? तिला वाटायचं आम्ही हौसेने खातोय. मीच तसं सांगितलं होतं. नाक गेलंय हे सांगायची लाज वाटायची. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी कॉलेजपासूनची सवय.

पाचव्या शनिवारी तिने काचेआडून निळं चीज काढलं. पांढऱ्यात निळ्या-हिरव्या रेघा. तुकडा सुरीने न कापता शिवणाच्या दोऱ्याने कापला. वास असा की शेजारचा अंजीर घेणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. म्हटलं, आता बघते.

घरी येऊन कागद उघडला आणि माझा संताप झाला. बुरशी लागलेली. वरवर नाही, पार आत, शिरा-शिरांत. लोणच्याला लागते, पावाला लागते, तशी. एवढे पैसे घेऊन बाईने खराब माल बांधून दिला! पण परत जायला पुन्हा रिक्षा, आणि टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही. लोणच्यावरची बुरशी आपण काढतोच ना. मी चष्मा लावला, स्वेटरची बारीक सुई घेतली आणि अर्धा तास बसून त्या तुकड्यातली एकेक निळी रेघ उकरून काढली. वीस ग्रॅममधले सातआठ ग्रॅम गेले. उरलेला पांढरा चुरा स्वच्छ, बिनवासाचा झाला. तो मी यांना दिला.

‘छान आहे,’ हे म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी दुकानात तक्रार घेऊन गेले. पोस्टात ज्या आवाजात लोक माझ्याशी भांडायचे, तोच आवाज काढला. सून ऐकत राहिली. मी सुईचं सांगितलं तेव्हा तिने काउंटरवर डोकं टेकलं. हसत होती. वर आली तेव्हा डोळ्यांत पाणी. ‘काकू, तुम्ही चीज काढून टाकलंत आणि उरलेलं काकांना दिलंत. चव त्या निळ्यातच असते.’ गल्ल्यावरचे सासरेही हसले, तो इसम मला हसणारा वाटला नव्हता. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तीस वर्षं लोकांना अडाणी म्हणत आले, आणि आज बुरशी निवडणारी मी. मग मात्र मी तिला सांगून टाकलं. नाकाचं. दोन वर्षांचं. लवंग आणि कापराचं. ती हसायची थांबली. दोऱ्याने एक तुकडा कापला आणि पैसे घेतले नाहीत. मी ते काउंटरवर ठेवले. फुकटचं मी पोस्टात असतानाही घेतलं नाही.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. भाजी सकाळीच करून ठेवली होती, मटकीचा रस्सा, पाकिटाचाच. तुकडा बशीत ठेवून यांच्यापुढे ठेवला. या वेळी रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या.

हे वाकले. सरळ झाले. मी आतल्या खोलीकडे वळले होते. मग मागून आवाज आला, ‘हाई काय शे?’

मी वळले. दोन वर्षांत हे अहिराणीत काही बोलले नव्हते. हे पुन्हा वाकले, नाक जवळजवळ बशीला टेकलं. ‘भिजेल पेंडना वास येस,’ म्हणाले. भिजलेल्या पेंडीचा. मग तुकडा तोंडात टाकला आणि तोंड इतकं वाकडं केलं की मला वाटलं आता थुंकणार. थुंकले नाहीत. गिळला. मी पाणी दिलं तर ग्लासही हुंगला.

मग हे घरभर फिरले. साबण हुंगला, काही नाही. लिंबाची फोड, काही नाही. जुनी शाल, नाही. गॅसजवळची तेलाची बरणी हुंगली आणि थांबले, थोडं येतंय, म्हणाले, शेंगदाण्याचं. मी त्यांच्या मागे मागे होते आणि माझे डोळे भरले होते. आनंदच होता तो. पण हे एकेक पाऊल स्वयंपाकघरात आत येत होते, आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्याकडे माझं लक्ष होतं. म्हटलं, आता हा रस्सा सांडून जावा. मांजर यावं. आमच्याकडे मांजर नाही.

‘वाढ,’ हे म्हणाले.

‘उशिरा जेवा, आत्ता ते खाल्लंय.’

‘वाढ, भूक लागनी.’

वाढावंच लागलं. दादर ज्वारीची भाकरी, वाटीत रस्सा. मी समोर बसले. पहिला घास यांनी नाकाशी नेला, जसे कॅनपाशी वाकायचे तसे. खाल्ला. सावकाश चावला. दुसरा घास घेतला नाही.

मी म्हटलं, ‘पाकिटाचा मसाला आहे. मी सांगणारच होते.’

यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

‘दोन वर्षं झाली. तुम्हाला वास येत नव्हता, म्हणून मी...’

‘माले माहीत शे,’ हे म्हणाले. माझ्याकडे न बघताच. ‘मन्हं नाक गयं व्हतं, कान नही. दोन वरीस जायात, सकाळले मिक्सर वाजना नही.’

म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नणंद बोलली तेव्हाही. मी ज्या ‘छान’ला मनात शिव्या घालत होते, तो यांनी सगळं ओळखून म्हटलेला होता. लाज अशी वाटली की वाटत होतं, त्यांनी ओरडावं, ताट सरकवावं, काहीतरी करावं. हे भाकरीचा पापुद्रा सोलत बसले होते.

‘मग बोलला का नाहीत?’ मी विचारलं. ‘दोन वर्षं?’

‘बोलीसन काय व्हतं? मी जेवणाराच राहिलो नव्हतो. मन्हासाठे तू कसाले कांदा जाळशी?’ रश्श्याची वाटी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. ‘तव्हय माले बठ्ठं जेवन सारखंच लागे. आते नही लागत.’